लागलं का विचारणारा टायगर

आमच्या नायगावचा सिद्धार्थ बॉक्सर हाय, आणि तो समोरच्याला ठोसा मारला की विचारतो, "लागलं का?"

हसू नका. मी मस्करी करून राहिलो न्हाई. रिंगमध्ये विचारतो. लातूरला, हॉल गच्च भरलेला असताना, पंचांच्या देखत विचारलं त्यानं. त्याच्यापायीच हरला. तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते थंड व्हायला तयार न्हाई, म्हणून लिहायला बसलो.

सिद्धा माझा वर्गमित्र. पहिल्यापासून असा नव्हता. शाळेत हाणायचा आणि डबा खायला जायचा. हे खूळ मागच्या एका वर्षातलं. माझी मोटारसायकल खड्ड्यात गेली की मागून, "लागलं का?" अरे, गाडी मी चालवून राहिलो, आदळला तू. कॅरमला स्ट्रायकर जोरात गेला की समोरच्याचं बोट बघतो. एकदा हॉटेलात खुर्चीला धडकला तर खुर्चीला विचारलं. वर वाकून बघितलं तिला.

बरं, मेहनत कमी असती तर मी गप बसलो असतो. लई मेहनत. उजाडायच्या आधी नरसीच्या रोडनं धावायचा, मी मागून मोटारसायकलवर, आणि मीच दमायचो. मग दोरीच्या उड्या. सांजच्याला घरामागं बॅग. ठो ठो आवाज गल्लीभर. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "टायगर जेवून राहिला बघ."

टायगर हे नाव फ्लेक्सवाल्यांनी ठेवलं. मागच्या साली त्यानं जिल्हा जिंकला आणि गावाला चेव आला. चौकात हा मोठा फ्लेक्स, लोखंडी अँगलच्या फ्रेमवर. 'नायगावचा टायगर, आता राज्य हादरणार.' मधी सिद्धा मुठी आवळून, खाली शुभेच्छुकांची तोंडं. डावीकडून तिसरा मी. तोंडं इतकी, की टायगर हुडकावा लागायचा. एका साहेबांनी सत्कारात चामड्याची जाडजूड बॅग भेट दिली, सराव करायची. बॅग साहेबांनी आणि सिद्धानं मिळून धरली, फोटो निघाला, साहेब गेले.

लातूरची लढत विभागाची होती. जिंकला की सिद्धा राज्याला. त्याच्या घरात कुणी तालुक्याच्या पुढं खेळायला गेलेलं न्हाई. आम्ही क्रूझर भरून गेलो.

समोर देवणीचा पोरगा. तिकडचे बैल नामी असतात म्हणं, पण हे वासरूच होतं. पहिल्याच मिनिटाला सिद्धानं असा उजवा दिला की त्याचे पाय लटपटले. आम्ही खुर्च्यांवर उभे. आता नुसतं पुढं सरकायचं आणि हाणायचं. टायगरनं काय केलं? दोन्ही हात खाली सोडले, मान वाकडी करून पोराच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं. तोंडातल्या गार्डमुळं शब्द बोबडा, पण आम्ही त्याचे मित्र, आम्हाला बरोबर कळला.

देवणीचं पोरगं सज्जन. "हाव" म्हणलं आणि त्याच्या नाकावर ठेवून दिली.

हेच तिन्ही राउंड. सिद्धा दोन-चार चांगले घालायचा, थांबायचा, वाकून बघायचा, खायचा. पंचांनी बोलण्याबद्दल ताकीद दिली. शेवटी त्यांनी देवणीचा हात वर केला आणि सिद्धा त्या पोराला म्हणतो, "बर्फ लाव."

परतीला निघालो. अहमदपूरच्या पुढं ड्रायव्हरनं ब्रेक मारला, सगळे एकमेकांवर पडले, आणि मागच्या सीटवरून, सुजलेल्या नाकातून, "लागलं का कुणाला?" ड्रायव्हर म्हणला, "याला कुणीतरी खाली उतरवा रे."

मग ग्रुपवर एक्स्पर्ट जागे झाले. कुणी म्हणे मटण कमी पडलं. कुणी म्हणे पंच फितूर. एकानं लिहिलं, 'टायगरला दवाखान्यात कंपाउंडर म्हणून चिटकवा.' हे लिहिणारा फ्लेक्सवर पहिल्या रांगेत. घरून सायकलीवर दुकानापर्यंत जायला दम लागतो, आणि हा सिद्धाला शिकवणार.

पण खरं सांगतो, सिद्धाचाही राग आला होता मला. दुसऱ्या दिवशी सांजच्याला सरळ त्याच्या घरी गेलो, खडसावायला. घरामागून ठो ठो चालूच. मग थांबलं.

"लागलं का?"

"न्हाई. हाण."

मी भिंतीच्या कडेनं वाकलो. सिद्धाचे बाबा मोंढ्यात हमाली करतात, दिवसभर पाठीवर सोयाबीनची पोती. ते भिंतीला पाठ लावून उभे होते. साहेबांनी दिलेली बॅग त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, गाल तिला टेकवून. सिद्धा हाणून राहिला होता. दर ठोशाला म्हातारा भिंतीवर आपटत होता. दोन-चार ठोसे झाले की सिद्धा हात खाली सोडायचा आणि वाकून बॅगेमागं बघायचा.

खडसावायचं सोडून मी पुढं झालो, बॅगेकडं बोट केलं.

"अरे, टांग ना ती."

"कशाला टांगू?" त्यानं पत्र्याकडं बघितलं. पत्र्याखाली एक लाकडी वासा, तोही वाकलेला. "बॅग टांगली की छत खाली यील."

"एक वर्ष झालं? बाबाच धरतात?"

"तेच म्हणले, मी धरतो."

"मग ते न्हाई म्हणतात ना, लागलं न्हाई म्हणून. थांबतो कामून?"

"खोटं बोलतात," सिद्धा म्हणला. "तोंड बघावं लागतं."

बाबांनी बॅग सावरली. "याचं काय ऐकतो तू. पोत्यापेक्षा हलकी हाय."

तिथून मी जो निघालो तो थेट चौकात. फ्लेक्स उतरवणं चालूच होतं. हरलेल्या टायगरला कोण ठेवतं? फोटोसाठी लोखंड मिळतं, बॅग टांगायला वीतभर मिळत न्हाई. कुणी विचारलंसुद्धा न्हाई, ही टांगशील कुठं म्हणून. मी म्हणलो, फ्लेक्स तुम्हाला ठेवा, आपापली तोंडं कापून घरी न्या, अँगल मला द्या. कुणीतरी म्हणलं, "तू कोण रे?" मी म्हणलो, "डावीकडून तिसरा." आणि उचलले.

वेल्डरनं त्याचा स्टँड करून दिला. घरामागं खड्डे घेऊन पक्का रोवला. बॅग टांगली. सिद्धानं ठोसा मारला, ती झुलत गेली आणि परत आली. पुन्हा मारला. मग हात खाली सोडून वाकून मागं बघितलं. मागं कुणी न्हाई. भिंत.

बाबा कडेला दगडावर बसले होते. रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्यांना समजंना. सिद्धानं पुढचा हाणला तसा त्यांचा खांदा जागच्या जागी दचकला. सिद्धा थांबला.

"बाबा, तोंड तिकडं करा."

"घरात जाऊ का?"

"न्हाई. बसा हितंच. नुसतं तोंड तिकडं करा."

बाबांनी दगड फिरवला आणि आमच्याकडं पाठ करून बसले. सिद्धानं सुरू केलं. एक, दोन, तीन, चार. त्याचे हात खाली यायला लागले.

बाबांनी मान वळवली न्हाई. भिंतीकडं बघतच म्हणले, "न्हाई लागलं. हाण."