कॅमेऱ्यावरचं गंध

शाबाकाका लॅपटॉप हातात घेतला की आधी त्याला कान लावतात. डोळे मिटून आतल्या पंख्याचा आवाज ऐकतात आणि मग विचारतात, "बिघडण्याआधी कितें बदललें?"

ते आमचे मुळगावचे शेजारी. शिरगावच्या खाणीवरची अजस्र यंत्रं त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केली. खाण बंद झाली, यंत्रं गेली, कान तेवढा राहिला. मुलगा प्रकाश बोटीवर नोकरीला लागला तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप घरीच राहिला. काकांनी त्यात लिनक्स घातलं. का, तर "ह्याचें बॉनेट उघडतां येतें!"

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. लॅपटॉप बिघडला तर घरात विचारायला कोणी नाही. भिंतीपलीकडे काका आहेत; माझ्या लॅपटॉपातही लिनक्स त्यांनीच घातलंय.

त्या दुपारी मी लॅपटॉप छातीशी धरूनच त्यांच्याकडे धावले. दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीची ऑनलाइन मुलाखत होती. कॅमेरा बंद असेल तर मुलाखत होणार नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. आणि माझ्या लॅपटॉपला स्वतःचा कॅमेरा सापडतच नव्हता.

"कितें बदललें?"

"काहीच नाही, काका."

"यंत्र फट मारीना, बाय. खोटें बोलता तो मनीस."

मग मला आठवलं. सकाळी मी अपडेट केलं होतं. तसं कबूल केलं.

काका काळ्या खिडकीत एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत आज्ञा टाइप करू लागले. यूएसबीच्या यादीत कॅमेरा होता. "म्हणजे मनीस कामार आयला!" मग त्यांनी कर्नलचे संदेश वाचले. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर सुरू होतानाच चूक दाखवून थांबला होता.

"पळे गो. कर्नल म्हणजे मुकादम. अपडेटान मुकादम बदललो. नवो मुकादम ह्या कामगाराक वळखीना. जुन्याक हाक मारूया."

लॅपटॉप पुन्हा सुरू करून त्यांनी यादीतलं जुनं कर्नल निवडलं. कॅमेऱ्याचा दिवा लागला! मी टाळी वाजवली. पण पडद्यावर मी नव्हतेच, नुसता तांबूस अंधार होता.

काकांनी पुन्हा कान लावला, पुन्हा संदेश वाचले. एकही चूक नाही. मी रडायच्या बेतात आले होते. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कडेकडे लक्ष गेलं. तिथे वाळलेलं गंध होतं.

दोनच दिवसांपूर्वी दसरा झाला होता. काका आपल्या पान्यांबरोबर शेजाऱ्यांची यंत्रंही पुजतात. माझ्या लॅपटॉपचं कपाळ शोधून त्यांनी बरोबर मधोमध टिळा लावला होता.

"म्हज्याच हातान!" म्हणत काका इतके हसले की खुर्ची कुरकुरली. मी ओल्या रुमालाने गंध पुसलं आणि पडद्यावर दिसले, विस्कटलेल्या केसांसकट.

त्यांच्या लॅपटॉपवरही तिथेच गंध होतं. उत्साहात मी तेही पुसायला गेले. काकांनी माझं मनगट धरलं. "तें रावूं दे."

इतक्यात प्रकाशदादाचा फोन आला. "बाबा, कॅमेरा झालो काय नाय?"

"ना रे पुता. ड्रायव्हर जाग्यार येना."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कोणताही ड्रायव्हर जागेवर आणणारा हा माणूस!

फोन ठेवून ते खाली बघत म्हणाले, "तुजी काकी गेल्यापासून तो व्हिडिओ कॉलार माका बघिना. माझ्या पाठची तिची खुर्ची बघता आनी रडटा. बोटीर चार लोकांमुखार रडप बरें न्हय, बाय."

मुलाखत चांगली झाली. सांगायला गेले, पण मनात वेगळंच होतं आणि ते बोलायचा धीर होत नव्हता. शेवटी म्हटलं, "काका, प्रकाशदादाला व्हिडिओ कॉल लावूया? त्या खुर्चीत मी बसते."

काकांनी पंच्याचं टोक भिजवून कॅमेऱ्यावरचं गंध सावकाश पुसलं. मी खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी लॅपटॉपला कान लावला नाही. कॉल लागेपर्यंत केस मात्र तीनदा विंचरले.