नऊ नंबरची वाटी

"आज एक जरी वस्तू फुटली ना, तर हा टीव्ही माझ्या भावाच्या घरी जाईल," बायकोने सामना सुरू होण्याआधीच जाहीर केलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

चष्मेवाल्याने मान डोलावली. मागच्या सामन्यात दिव्याची काच गेली होती, त्याच्या आधीच्या सामन्यात फुलदाणी. आणि धमकी पोकळ नव्हती. मागच्याच गल्लीतल्या मेहुण्याचा धंदाच सामान हलवण्याचा. त्याच्याकडे टेम्पो होता, दोर होते, कपाटांना ओरखडे पडू नयेत म्हणून जाड गोधड्या होत्या. टीव्ही तेवढा नव्हता. शिवाय आज फुटबॉलचा उपांत्य सामना. अंतिम सामना पुढच्या आठवड्यात. टीव्ही गेला तर तो मेहुण्याच्या घरी, मेहुण्याच्या मुलांच्या आरडाओरड्यात बघावा लागला असता.

सोफ्यावर तिघे होते. मधे चष्मेवाला, म्हणजे चष्म्यांच्या दुकानाचा आणि ह्या घराचा मालक. डावीकडे चौकातला कुलूपवाला, ज्याला कुठलीही बंद गोष्ट बघवत नाही. उजवीकडे गाडी शिकवणारे मास्तर. शिकणाऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यामुळे समोर काही धोक्याचं दिसलं की त्यांचा उजवा पाय, ते कुठेही बसलेले असोत, आपोआप आपटतो.

समोर टीपॉय. टीपॉयवर निळ्या काचेची वाटी, वाटीत शेंगदाणे. ही वाटी बाहेर यायलाच नको होती. सासूबाईंनी लेकीला हौसेने दिलेल्या सहा वाट्यांतली ती एक. पण रोजचा वाडगा घासायला पडला होता आणि कुलूपवाल्याला शेंगदाण्यांशिवाय सामना दिसत नाही.

आणि सासूबाई स्वतः? त्या आतल्या खोलीत पलंगावर. उजव्या गुडघ्याची वाटी बदलून त्या इथे विश्रांतीला आल्या होत्या. आठवडाभर म्हणून आल्या. मधे पडदे बदलले, गाद्यांच्या खोळी बदलल्या, सासूबाई होत्या तिथेच. काठी घेतल्याशिवाय उठायच्या नाहीत, आणि मुलाकडे परत जायचा विषय निघाला की काठी घेऊनही नाही.

तेवढ्यात निळ्यांचा नऊ नंबर चेंडू घेऊन सुसाट निघाला. आसपास कोणी नाही. आणि तो पडला.

*रिप्ले: सोफ्याकडून*

मास्तरांचा पाय आपटला. टीपॉय उडाला. नऊ नंबर आणि वाटी एकाच वेळी जमिनीवर आले.

"वाटी गेली!" कुलूपवाला ओरडला.

"कुठली?" चष्मेवाला म्हणाला. ऐन वेळी तो चष्मा पुसत होता, त्यामुळे त्याने दोन्हीपैकी काहीच बघितलं नव्हतं.

"गुडघ्याची! बघ कसा धरून बसलाय."

"मग हे काय फुटलं?"

"ही पण गेली," कुलूपवाला खाली बघून म्हणाला.

वाटीचे तीन तुकडे झाले होते. चष्मेवाल्याने ते झटकन उचलले, इकडेतिकडे बघितलं आणि खिशातल्या चष्म्याच्या रिकाम्या डबीत कोंबले. डबीचं झाकण लागेना. कुलूपवाल्याने एका बोटाने लावलं.

*रिप्ले: स्वयंपाकघराकडून*

बायकोचा मिक्सर चालू होता. तो थांबला आणि त्या शांततेत तिला एवढंच ऐकू आलं: "वाटी गेली."

ती दारात आली. "कोणती वाटी?"

तिघे टीव्हीकडे बघत होते. इतक्या एकाग्रतेने ते आजवर कधीच बसले नव्हते.

"नऊ नंबरची," चष्मेवाला म्हणाला.

"नऊ? आपल्याकडे सहाच आहेत."

"वहिनी, त्या खेळाडूची हो," कुलूपवाल्याने पडद्याकडे बोट केलं. "गुडघ्याची वाटी फुटली बिचाऱ्याची."

"फुटली काय, सरकलीसुद्धा नाही!" मास्तर उसळले. "कोणाचा धक्का नाही, काही नाही. गाडी उभ्या जागी बंद पडावी तसा पडलाय. नाटक आहे सगळं!"

"मास्तर, माणूस कळवळतोय."

"कळवळतोय? परीक्षेच्या दिवशी माझ्याकडे येणारे सगळे असेच कळवळतात. बाहेर काढा म्हणावं! घरी पाठवा!"

बायकोने आळीपाळीने तिघांकडे बघितलं. मग जमिनीकडे. "आणि शेंगदाणे खाली का?"

"दुःखाने," चष्मेवाला म्हणाला.

*रिप्ले: आतल्या खोलीतून*

चित्र नाही. फक्त आवाज, तोही भिंतीपलीकडचा.

…वाटी… फुटली… सरकलीसुद्धा नाही… नाटक आहे सगळं… बाहेर काढा… घरी पाठवा.

सासूबाईंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. मग उशीखालून मोबाइल काढून मुलाला लावला.

"अरे, माझ्या वाटीचं काहीतरी झालंय," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "बाहेर सगळे त्यावरच बोलतायत. मला कोणी धड सांगत नाही. तू जावईबापूंना फोन कर. आणि हे बघ, मला आता हलवता येणार नाही म्हणावं. एवढं नक्की सांग."

*फोनवर*

मेहुण्याचं नाव दिसताच चष्मेवाला उठला. फोन घेऊन तो गॅलरीत गेला.

"दाजी, वाटीचं काय झालं?"

वाटी फुटून चेंडू अजून हललाही नव्हता आणि टीव्हीचा दावेदार फोनवर हजर!

"तुला कोणी सांगितलं?"

"आईने."

"आईंना कळलं?"

"कळणार नाही? तिचीच वाटी ना!"

हे खरंच होतं. चष्मेवाल्याने आवाज खाली आणला. "हे बघ, तुझ्या ताईला अजून माहीत नाही. तिला काही बोलू नकोस."

"ताईला माहीत नाही? दाजी, ती घरातच आहे ना? किती फुटलीय?"

"तीन तुकडे."

पलीकडे काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. "तीन! मग डॉक्टर—"

"डॉक्टर कशाला? आमचा कुलूपवाला आहे ना इथे. त्याच्याकडे जालीम गोंद असतो. म्हणतो, रात्रभर दाबून ठेवली की सकाळी जोड दिसणारसुद्धा नाही."

"कुलूपवाला दाबून ठेवणार?"

"नाही जमलं तर बाजारातून नवी आणू. हुबेहूब मिळते. रंगात थोडा फरक असेल, पण वापरात कोणाला कळत नाही. सुटी नाही मिळाली तर सहाचा अख्खा सेटच घेऊ."

मग मेहुणा दातओठ खात म्हणाला, "दाजी, कोणीही कशालाही हात लावायचा नाही. मी निघालो."

"टेम्पो घेऊन?"

"टेम्पो घेऊनच!"

चष्मेवाला आत आला आणि टीव्हीकडे बघत उभा राहिला. ज्याच्याबरोबर इतकी वर्षं काढली, त्याला शेवटचं बघावं तसं.

"काय झालं?" कुलूपवाल्याने विचारलं.

"न्यायला येतोय."

"कोणाला?"

चष्मेवाल्याने नुसती हनुवटी टीव्हीकडे केली. पडद्यावर नऊ नंबरला स्ट्रेचरवर घालत होते.

"अरे वा, थेट हॉस्पिटलात!" कुलूपवाला म्हणाला. "तुझी ओळख आहे तिथे?"

*अगदी सावकाश रिप्ले*

"थांबा! थांबा!" मास्तर टीव्हीच्या इतके जवळ गेले की त्यांच्या श्वासाने पडद्यावर वाफ धरली. "पडताना कोणता गुडघा धरला? डावा. आता बघा. कोणता धरलाय? उजवा! सापडला! पाय बदलला गड्याने!"

"दुखणं पसरतं हो," कुलूपवाला कुरकुरला.

"डाव्यातून उजव्यात? मधे सिग्नल लागला नाही वाटतं!"

हा मुद्दा बिनतोड होता. कुलूपवाला जमिनीवरचे शेंगदाणे उचलून खाऊ लागला. बायको झाडू घेऊन आली आणि झाडूच्या पहिल्याच फटक्यात टीपॉयखालून एक निळा, नखाएवढा तुकडा चमकत बाहेर आला.

तिने तो उचलला. उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"काच," चष्मेवाल्याने धंद्यातल्या अनुभवावरून सांगितलं.

"कशाची?"

*बदली खेळाडू*

उत्तर द्यावं लागलं नाही. दार धाडकन उघडलं आणि मेहुणा आत आला. एका खांद्यावर दोर, दुसऱ्या खांद्यावर गोधड्या, मागे दोन हमाल.

"कुठे आहे?"

"तो बघ," चष्मेवाला भिंतीला टेकत म्हणाला. "नीट ने. तिरका धरू नकोस, पडद्याला सोसत नाही. आणि एवढा सामना संपू दे, मी पाया पडतो."

"दाजी, तुम्हाला सामना सुचतोय? कुलूपवाला कोण?"

कुलूपवाल्याने तोंडात शेंगदाणे असताना हात वर केला.

"माझ्या आईच्या गुडघ्याला गोंद लावणार तू?"

"मी?" कुलूपवाल्याला ठसका लागला. "मी त्यांना अजून पाहिलंसुद्धा नाही!"

"आईच्या गुडघ्याला काय झालं?" बायको किंचाळली.

"तीन तुकडे झालेत, ताई! तुझ्यापासून लपवलंय ह्यांनी! आई आत तडफडतेय आणि हे बाजारातून वेगळ्या रंगाची वाटी आणून बसवतायत!"

"अरे, ती वाटी नव्हे!" चष्मेवाला ओरडला. "काचेची वाटी!"

"काचेची बसवणार?"

"नाटक आहे सगळं!" मास्तर पडद्याकडे बघत ओरडले. त्यांचं लक्ष अजून नऊ नंबरवरच होतं. मेहुण्याने गोधड्या टाकल्या आणि तो मास्तरांच्या अंगावर गेला. मास्तरांनी सवयीने ब्रेक मारला. टीपॉय पुन्हा उडाला. हमालांनी, काहीतरी उचलायचं असणारच ह्या हिशेबाने, कुलूपवाल्यासकट सोफा उचलला.

"अरे, काय मारामारी लावलीये? थांबा!"

सगळे थांबले. हा आवाज बारीक अजिबात नव्हता.

सासूबाई हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. आतल्या खोलीपासून इथपर्यंत त्या धावत आल्या होत्या. काठी आत होती. सोफा हवेत होता. पडद्यावर नऊ नंबर स्ट्रेचरवरून टुणकन उतरून मैदानाच्या कडेला पळत होता, पण कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आई, तू चाललीस?" बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाईंनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग जमलेल्या माणसांकडे. मग "आई गं!" म्हणून त्या खुर्चीत कोसळल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा घट्ट धरला.

डावा.

बायको पाणी आणायला धावली. मेहुणा गोधडी अंथरू लागला. मास्तर टीव्हीतल्या रेफ्रीशी भांडत होते. गुडघ्याकडे नीट बघितलं ते फक्त चष्मेवाल्याने. आज पहिल्यांदाच त्याने योग्य वेळी चष्मा घातलेला होता.

त्याने गुडघ्याकडे बघितलं. मग सासूबाईंकडे. सासूबाईंनी त्याच्याकडे. मग सासूबाईंचे हात, जणू काही झालंच नाही अशा बेताने, हळूहळू डाव्या गुडघ्यावरून उजव्यावर गेले.

"आई, तुला आता घरीच नेतो," मेहुणा म्हणाला. "चालता येतंय ना, मग बस झालं."

"चालता कुठे येतंय?" टीव्हीकडे एकदा बघून चष्मेवाला पटकन म्हणाला. "भीतीने उठल्या त्या. अशा वेळी माणूस उठतो. खरा मार नंतर कळतो. अजून बरेच दिवस हलवायला नको."

सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरची वेदना जरा कमी झाली.

बायको पाणी घेऊन आली. तिच्या दुसऱ्या हातात तो निळा तुकडा अजून होता. "हे राहिलंच. ही माझी वाटी आहे ना? बाकीचे तुकडे कुठे आहेत?" नवऱ्याच्या फुगलेल्या खिशात तिने हात घातला आणि डबी बाहेर काढली. कुलूपवाल्याने लावलेलं झाकण पहिल्या झटक्यात उघडलं नाही, पण दुसऱ्यात उघडलं.

"चष्म्याच्या डबीत! काय सांगितलं होतं मी? अरे, तू आलाच आहेस टेम्पो घेऊन, तर टीव्ही उचल."

हमालांनी सोफा खाली ठेवला.

"थांब गं," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "वाटी माझ्या हातून फुटली. दुपारी. तू ओरडशील म्हणून मीच जावईबापूंना म्हटलं, ठेवा कुठेतरी लपवून."

"तुझ्या हातून? तू तर पलंगावरून उठत नाहीस."

"पलंगावरच फुटली."

"मग हा तुकडा टीपॉयखाली कसा?"

सासूबाईंनी एक डोळा उघडून जावयाकडे बघितलं. जावयाने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. कुलूपवाला काही बोलणार होता. मास्तरांनी त्याच्या पायावर ब्रेक दाबला.

"माझी वाटी, मीच तुला दिली, मीच फोडली," सासूबाई म्हणाल्या. "आता आजारी बाईची उलटतपासणी घेणार आहेस का?"

बायकोने डबी बंद केली. ती घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. जरा वेळाने मिक्सर पुन्हा सुरू झाला, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

मेहुणा रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. आपण नक्की कशासाठी आलो होतो हे त्याने जिन्यात दोन्ही हमालांना विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही.

*अंतिम सामना*

टीव्हीसमोर चौघे होते. सासूबाईंची काठी भिंतीला टेकवलेली. उजवा पाय उशीवर. शेंगदाणे स्टीलच्या वाडग्यात, आणि मास्तरांना टीपॉयपासून दूर, स्टुलावर बसवलेलं.

नऊ नंबर चेंडू घेऊन निघाला. आसपास कोणी नव्हतं. तो पडला.

"वाटी!" कुलूपवाला ओरडला.

"नाटक!" मास्तरांचा पाय हवेत आपटला.

पडद्यावर नऊ नंबरने एक डोळा किलकिला करून रेफ्रीकडे बघितलं आणि तो हाताचा आधार घेऊन उठू लागला.

"पडून राहा बाळा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "लगेच उठलास तर घरी पाठवतील."