आत्याच्या टॅबची चौदा महिन्यांची पाहणी

कोणतीही इलेक्ट्रॉनिक वस्तू विकत घेण्याची सर्वांत योग्य वेळ म्हणजे पुढचा महिना, याबद्दल जाणकारांमध्ये आता मतभेद उरलेला नाही. चालू महिन्यातच वस्तू घेऊन मोकळे होणारे लोक समाजात आढळतात, नाही असं नाही. पण त्यांची वस्तू दुसऱ्याच दिवशी स्वस्त होते, आणि ही बातमी आवर्जून कळवणारा एक तरी मेव्हणा प्रत्येक घराला असतो.

वजनमापं तपासणाऱ्या खात्यातले एक निरीक्षक याच मताचे होते. सव्वीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी जाऊन तराजू आणि काटे तपासले होते. घाईनं त्यांनी कधीच काही केलं नाही. (लग्नाला होकार द्यायला त्यांना सात महिने लागले होते. तेवढ्या काळात ते नेमकी कशाची वाट पाहत होते, हे पत्नीनं अजून विचारलेलं नाही. योग्य वेळेसाठी राखून ठेवलं आहे.)

निरीक्षकांची आत्या त्यांच्याकडेच राहायची. वय अठ्ठ्याहत्तर. तिनं चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. तिथल्या चार मैत्रिणी अजून एकमेकींना धरून होत्या आणि टेबलांच्याच नावानं हाका मारायच्या: चौकशी, तक्रार, ट्रंक आणि आत्या म्हणजे लोकल. दर बुधवारी दुपारी चार वाजता चौघी व्हिडिओ कॉलवर जमत. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर आता स्वतःचं बोलायला त्यांना फुरसत मिळाली होती, आणि ती त्या पुरेपूर वसूल करत. कुणी फार लांबण लावली की ट्रंक, परगावचे कॉल जोडून देण्याच्या जुन्या सवयीनं, मध्येच म्हणायची, "तीन मिनिटं झाली, वाढवून हवीत का?"

अडचण एवढीच होती, की आत्याचा फोन लहान आणि नजर अधू.

"अरे, चार तोंडं दिसतात, पण कोण कुठली ते आवाजावरून ओळखावं लागतं," एका बुधवारी ती निरीक्षकांना म्हणाली. "मोठ्या पडद्याचं काहीतरी बघ ना. फार महाग नको."

"बघतो," निरीक्षक म्हणाले.

आत्याला वाटलं, भाच्यानं होकार दिला. प्रत्यक्षात त्यांनी कामाचं स्वरूप सांगितलं होतं.

त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि 'परवडणारा टॅब' या विषयाची पाहणी सुरू केली. तेवीस मॉडेलं, सतरा निकष. पडदा, बॅटरी, आवाज, कॅमेरा, हातातून पडल्यास होणारे परिणाम, न पडल्यास होणारे परिणाम. परवडणारा म्हणजे किती, हे पहिल्याच आठवड्यात ठरलं. पण थोडेच जास्त घातले तर वरचं मॉडेल येतं, असं दुसऱ्या आठवड्यात आढळलं. त्यावर आणखी थोडेच घातले तर त्याच्याही वरचं. असं चार वेळा थोडंथोडं घालत निरीक्षक एका चांगल्या स्कूटरपर्यंत पोचले, तेव्हा पत्नीनं त्यांना खाली उतरवलं.

मग त्यांनी इंटरनेटवरच्या परीक्षकांचं मत घेतलं. मागे निळा दिवा लावून बसलेल्या एका तरुणानं तेवीसपैकी एकोणीस टॅबबद्दल 'या किमतीत याला तोड नाही' असा निर्वाळा दिलेला होता. एकोणिसांनाही एकमेकांची तोड का नाही, असं निरीक्षकांनी त्याला लेखी विचारलं. त्यानं उत्तरादाखल एक हसरा चेहरा आणि एक ज्वाळा पाठवली. निरीक्षकांनी दोन्हींची वहीत नोंद घेतली.

दुसऱ्या महिन्यात ते प्रत्यक्ष पाहणीसाठी दुकानात गेले. जाताना खिशात छोटा काटा नेला होता. पहिल्या क्रमांकावर आलेल्या टॅबचं वजन कागदावर चारशे पासष्ट ग्रॅम होतं. काट्यावर चारशे एकाहत्तर भरलं.

"हे सहा ग्रॅम कुठून आले?" त्यांनी विक्रेत्या मुलीला विचारलं.

तिनं टॅब उलटासुलटा करून पाहिला. "बोटांचे ठसे असतील, साहेब. खूप लोक हाताळतात, घेत कुणीच नाही."

टॅब पुसून पुन्हा तोलण्यात आला. पाच ग्रॅम तरीही राहिले. असं असूनही निरीक्षकांनी मोठ्या मनानं तोच घ्यायचं ठरवलं. पाकिटात हात घातला आणि घालता घालता सहज विचारलं, "नवीन मॉडेल कधी येणार आहे?"

त्या मुलीचा स्वभाव खरा बोलण्याचा होता. "तीन महिन्यांत येईल म्हणतात."

निरीक्षकांनी हात बाहेर काढला, तो रिकामा.

तीन महिन्यांनी नवीन मॉडेल आलं. ते आल्यामुळे जुनं स्वस्त होणार हे उघड होतं, म्हणून ते थांबले. जुनं स्वस्त झालं, पण दुकानातून संपलं. ते परत येईपर्यंत नव्याचे दोष कळले, आणि ते दोष पुढच्यात दुरुस्त होणार होते. दरम्यान निरीक्षकांनी एक आलेख काढला. टॅबच्या किमती दरमहा सुमारे दोन टक्क्यांनी उतरत होत्या. याच गतीनं पन्नासाव्या महिन्यात टॅब फुकट मिळाला असता, आणि एक्कावन्नाव्या महिन्यापासून कंपनीनंच गिऱ्हाइकाला पैसे दिले असते. आलेख त्यांनी पत्नीला दाखवला.

"अहो, आणि आत्यांचा आलेख काढलात का?" पत्नीनं विचारलं. ती दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा देण्याचं काम करायची. पुढे ढकललेल्या गोष्टींचं काय होतं, हे ती रोज जवळून पाहत असे.

निरीक्षकांना प्रश्न गैरलागू वाटला.

अकराव्या महिन्यात ट्रंक आजारी पडली, पण कॉलवर तिनं ते सांगितलं नाही; तेराव्यात ती गेली. निरोप आला तेव्हा आत्या भाजी निवडत होती. ती निवडतच राहिली, फक्त चांगली पानं आणि खराब पानं एकाच ढिगात पडू लागली.

त्या बुधवारी चौकटी चाराच्या तीन झाल्या. (त्यामुळे प्रत्येक चेहऱ्याला पडद्यावर जास्त जागा मिळाली. हे निरीक्षकांनी बोलून दाखवलं नाही. पण त्यांच्या मनात आलं, आणि मनात आलं याची त्यांना दिवसभर लाज वाटत राहिली.) कॉल दोन तास चालला. मध्येच 'तीन मिनिटं झाली' म्हणायला कुणी नव्हतं.

फोन ठेवल्यावर आत्या म्हणाली, "चौकशी सांगत होती, ट्रंक शेवटी शेवटी फार वाळली होती म्हणे. गालफडं बसली होती. सगळ्यांना दिसत होतं."

"हं," निरीक्षक म्हणाले.

"मला नाही दिसलं रे. माझ्या फोनवर ती शेंगदाण्याएवढी होती. मी दर बुधवारी तिला म्हणायचे, तुझं बरंय बाई, तुला काही होत नाही."

निरीक्षकांनी वही उघडली. बराच वेळ एकाच पानाकडे बघितलं. मग मिटली.

चौदाव्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते एका किराणा दुकानाचा काटा तपासून घरी आले, तर आत्या खिडकीजवळ बसली होती आणि तिच्या मांडीवर टॅब होता. दुकानात आत्या आणि पत्नी दोघी गेल्या होत्या. खरेदीला अकरा मिनिटं लागली होती. त्यातली चार, विक्रेत्या मुलीनं आत्यासाठी खुर्ची आणण्यात गेली.

"कुठला घेतला?" निरीक्षकांनी दारातूनच विचारलं.

"तुमच्याच वहीतला पहिला नंबर," पत्नी म्हणाली. "दुसऱ्या महिन्याच्या पानावरचा. त्याच्यापुढची पानं मी वाचली नाहीत."

किंमत बाराएक महिन्यांपूर्वी होती त्यापेक्षा किंचित वाढली होती. (टॅब फुकट मिळण्याची तारीख त्यामुळे अनिश्चित काळासाठी पुढे ढकलण्यात आली.)

निरीक्षक खुर्चीत बसले. पाणी प्यायले. चौदा महिन्यांचा अभ्यास असा एका दुपारी निकालात निघालेला पाहून कुणालाही उभं राहणं जड जाईल. पण कर्तव्य त्यांना चुकवता येईना. "आत्या, सात दिवसांत परत करता येतो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात याचं नवीन मॉडेल येतंय. पडदा जास्त उजळ आहे म्हणतात."

आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, माझं पुढचं मॉडेल काढायचं कुणाच्या मनात दिसत नाही. तू हा आवाज मोठा कसा करायचा तेवढं सांग."

त्यांनी सांगितलं. खरं म्हणजे फार चांगलं सांगितलं. आवाज, उजेड, अक्षरं, उभा पडदा आडवा करणं; त्या यंत्राबद्दल कंपनीला ठाऊक नसलेल्या गोष्टीही त्यांना ठाऊक होत्या, आणि पहिल्यांदाच त्या कुणाच्या तरी उपयोगी पडत होत्या.

बुधवारी चार वाजता चौकशी आणि तक्रार पडद्यावर आल्या. आत्या काहीच बोलेना. आधी एकीकडे, मग दुसरीकडे, नीट निरखून बघत राहिली.

"काय गं, कनेक्शन तुटलं का?" तक्रारनं विचारलं.

"नाही. तुझ्या हनुवटीवर तीळ आहे, ते विसरलेच होते," आत्या म्हणाली. मग मागे उभ्या असलेल्या निरीक्षकांना तिनं हाताला धरून पुढे ओढलं. "हा माझा भाचा. यानं चौदा महिने माझ्यासाठी टॅब शोधला."

"मग सापडला का?"

"यालाच विचार. घेतला मी."

तिघी मनसोक्त हसल्या. निरीक्षकही हसले, पाच सेकंद उशिरा. तेवढ्यात चौकशीनं विचारलं, "बरं झालं भेटलात. मलाही घ्यायचाय. कोणता घेऊ?"

निरीक्षकांनी श्वास घेतला. पत्नी दारात येऊन उभी राहिली.

"हाच घ्या," ते म्हणाले. "उद्याच घ्या."

"नाही, पण थोडं थांबले तर?" चौकशी म्हणाली.

गोष्ट इथे संपते. तो टॅब नेमका कोणता, हे आम्ही सांगितलं नाही, असं काही वाचकांच्या लक्षात आलंच असेल. नाव आम्हाला ठाऊक आहे आणि ते सांगायला आमची हरकतही नव्हती. पण ज्यांना खरोखरच टॅब घ्यायचा होता ते पहिला परिच्छेद अर्धा टाकून दुकानात गेले असणार. जे इथवर आले आहेत, त्यांच्यासाठी नाव पुढच्या महिन्यात सांगितलं तरी चालण्यासारखं आहे.