एउलालियाबाईंनी सभेत जागा मागितली ती हकीकत

आधी जगन्मातेस दंडवत, मग लेखणीस हात. शके १८९१ सौम्य नाम संवत्सरी समुद्रापलीकडे एक मुलूख होता, तेथे गोऱ्या जमीनदारांचे द्राक्षमळे, आणि मळ्यांत राबणार ती दक्षिणेकडून आलेली स्पॅनिश बोलणारी रयत. रयतेने संप मांडिला आणि इसिद्रोजी म्हणोन शूर पुरुष सरदार जाहले. कोणी कामावर जाऊ नये म्हणोन मळ्यांच्या वाटेवर पहाऱ्यास बायका उभ्या राहिल्या, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगही पाहिला. परंतु मसलतीस सभा बसली म्हणजे बायका बाहेर चुलीपाशी. आणि मळ्यांत विषारी औषध फवारीत, तेणेकरून त्या साली अकरा बायकांचे गर्भ गेले. मग इसिद्रोजींची बहीण एउलालियाबाई, जिचे स्वतःचे दोन गेले होते, ती सभेत शिरली आणि बोलली, "दादा, जमीनदारांशी करार होईल त्यांत फवारा बंद करण्याचे कलम घाला, आणि आम्हांस येथे बसू द्या."

इसिद्रोजी रागावले. "आधी मजुरीचे होऊ दे. हे हक्क मागत फिरणाऱ्या गोऱ्या बायकांचे शिकवणे. तुम्ही आपल्या लोकांत फूट पाडिता."

"फूट कशी, दादा? आम्ही निराळे घर मागत नाही. याच घरात जागा मागतो."

कोणी सरकले नाही, आणि बाई बाहेर आल्या. हे एका जमीनदारास कळले आणि त्याचा कारभारी गोड बोलत आला, "तुमचे पुरुष तुम्हांस विचारीत नाहीत. तुम्ही बायका कामावर या, तुमच्या मळ्यांत फवारा बंद करितो." चुलीपाशी चाळीस बायका होत्या. त्यांत निएवेसबाई सात महिन्यांची गरोदर होती. एउलालियाबाई तीस म्हणाल्या, "पोटात तुझे आहे. तू सांग, तैसे करू."

निएवेसबाई कारभाऱ्याकडे वळोन म्हणाल्या, "माझे वाचेल, आणि पलीकडच्या मळ्यातलीचे जाईल. नको. आमचे भांडण आमच्या भावांशी, ते आम्ही तुम्हांस विकीत नाही."

कारभारी तोंड पाडून गेला. हे वर्तमान सभेत पोहोचताच इसिद्रोजी अनवाणी धावत आले आणि भर लोकांत मान खाली घालोन म्हणाले, "बाई, चुकलो. आत चल."

"एकटी येत नाही," बाई बोलल्या.

मग चाळीसही आत गेल्या, आणि पुरुष उठोन उभे राहिले, आणि कितीक वेळ कोणास बसावेसे वाटेना. संप आणखी सवा वर्ष चालिला, शेवटी जमीनदार नमले.

तात्पर्य, करार जाहला त्याचे पहिले कलम फवाऱ्याचे, आणि खाली पहिली सही निएवेसबाईंची, कडेवर लेक घेऊन केलेली. घडले तैसे लिहिले.