गलबताच्या शिडाचा पुरावा

दीनानाथने एका गुरुवारी ठरवलं की आपण मराठा आरमारातलं गलबत बनवायचं, एकास पन्नास प्रमाणात, आणि बनवायचं ते पुराव्यानिशी. जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या मॉडेल-बोटींच्या क्लबात तो एकटाच मराठी. बाकीचे सभासद जुन्या जर्मन युद्धनौका करत आणि एकेका खिळ्याची कागदपत्रं जोडत. नियमच तसा होता: ज्या भागाला नाखवाइस, म्हणजे पुरावा नाही, त्याला गुण नाहीत. पहिली आलेली बोट वर्षभर क्लबाच्या काचेच्या कपाटात राहायची. दीनानाथने ते कपाट मनातल्या मनात केव्हाच झाडून-पुसून ठेवलं होतं.

आठ महिने त्याने अभ्यास केला. वल्ही किती, डोलकाठी किती कललेली, तोफा कुठे. फाइल चार किलोंची झाली. (बोट नऊशे ग्रॅमची.)

"पुराव्याशिवाय मी आता चहात साखरसुद्धा घालत नाही," तो एकदा म्हणाला.

"साखरेची पावती ड्रॉवरमध्ये आहे," त्याची बायको चारुलता लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली.

गाडं अडलं शिडापाशी. शीड हातमागाच्या जाड्याभरड्या सुती कापडाचं हवं, हे पान एकशे बारावर सिद्ध झालं होतं. पण तसं कापड अख्ख्या फ्रँकफर्टमध्ये मिळेना. नेमके त्याच आठवड्यात साताऱ्याहून सासरे आले, पद्माकरअण्णा, तीन महिन्यांचा व्हिसा आणि दोन पंचे घेऊन. त्यातला एक बिल्डिंगच्या तळघरात, सगळ्यांच्या सामायिक लाँड्रीत वाळत होता. दीनानाथने तो चाचपला. सूत बरोबर, वीण बरोबर. माणूस एक आणि पंचे दोन, म्हणजे एक स्पेअर, असा इंजिनिअरी विचार करून त्याने कात्री चालवली.

पहिली दहा शिडं कापण्यातच बिघडली. (हे फाइलमध्ये नाही.) अकरावं निघालं ते शेवटच्या कोपऱ्यातून, आणि त्या कोपऱ्यात परटाने बिब्ब्याने घातलेली खूण होती, दोन टिंबं आणि एक रेघ. दीनानाथने लिंबू चोळलं, चहात उकळलं. शीड छान जुनाट दिसायला लागलं आणि खूण होती तिथेच राहिली.

"जावईबापू, पंचा दोरीवरच होता हो," अण्णा संध्याकाळी म्हणाले.

"वाऱ्याने गेला असेल, अण्णा."

"तळघरात वारा?"

चारुलताने हाउसमाइस्टरला, म्हणजे बिल्डिंगच्या केअरटेकरला कळवलं. त्याने लाँड्रीत नोटीस लावली: हरवले आहे, पांढरे कापड, लाल काठ, नव्वद गुणिले दीडशे सेंटिमीटर. बारा बिऱ्हाडांनी आपापली कपाटं उपसली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तर पंचा सापडला नाही म्हणून दिलगिरीदाखल केक घेऊन आल्या. दीनानाथने तो खाली मान घालून खाल्ला.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक लोरेन्झ भिंग घेऊन गलबतावर वाकले. "शिडावर ही खूण कसली?"

दीनानाथने मागे उभ्या असलेल्या चारुलता आणि अण्णांकडे पाहिलं. अण्णांना जर्मन येत नव्हतं. त्याने छाती पुढे काढली.

"आरमाराच्या कोठाराचा शिक्का. अठरावं शतक. प्रत्येक शिडावर असायचा."

त्याचा अंदाज एवढाच चुकला की चारुलता नुकतीच जर्मन भाषेची बी-टूची परीक्षा पास झाली होती आणि वडिलांना शब्दन् शब्द मराठीत सांगत होती. अण्णा पुढे आले. त्यांनी चष्मा लावून आधी शीड पाहिलं, मग जावई पाहिला.

"नाखवाइस?" लोरेन्झ म्हणाले. "पान नंबर?"

दीनानाथ चार किलो पानं उलटत राहिला.

"चारू, काय मागतायत ते?"

"पुरावा, अण्णा."

"मग आहे की."

पहिला पंचा गेल्यापासून दुसरा ते नजरेआड करत नव्हते. तो त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर पसरला. दोन टिंबं, एक रेघ. लोरेन्झनी व्हर्नियर लावून दोन्ही खुणा मोजल्या. माप तंतोतंत जुळलं.

"आणि सांग त्यांना, शतक अठरावं नाही. आमच्या पेठेतला परीट आहे. गेल्या दिवाळीला घातली."

चारुलताने तेही सांगितलं, काहीही न गाळता.

कपाटात एक सुरुंगशोधक बोट गेली. सर्वांत भक्कम पुराव्याचं खास प्रशस्तिपत्र मात्र दीनानाथच्याच घरी आलं. त्यावर नाव पद्माकरअण्णांचं होतं.

"मागितला असतात तर दोन्ही दिले असते, जावईबापू," घरी येताना अण्णा म्हणाले. दीनानाथला मनापासून लाज वाटली.

त्याच दिवशी त्याने लाँड्रीतल्या नोटिशीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: कापड सापडले, चूक माझी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्याखाली कोणीतरी लाल पेनाने, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: "नाखवाइस?"

दीनानाथ वर गेला. गलबताचं शीड उतरवून खाली आला आणि ते त्याच दोरीवर, दोन चिमटे लावून, खूण दिसेल असं वाळत घातलं.