ग्राफिक्स कार्डाची उगवण ऐंशी टक्के

संघर्ष हे या हकिकतीतल्या तरुणाचं नाव आहे, परिस्थितीचं वर्णन नव्हे. ही बाब सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेली बरी. कारण पुढे त्याने वडिलांच्या नावाने भरलेल्या अर्जावर, भरणाऱ्याचं नाव म्हणून लिहिलेला 'संघर्ष' तालुक्याच्या कचेरीत अर्जाचा विषय समजला गेला आणि अर्ज दोन दिवस पोलीस पाटलांकडे पडून राहिला.

वय बावीस, राहणार अमडापूरच्या अलीकडच्या फाट्यावर, व्यवसाय सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरून देणे. दोन हजार एकवीसच्या जूनमध्ये, म्हणजे अख्खं गाव सरकीच्या पाकिटामागे धावत असताना, त्याने गेम खेळायचा संगणक सुटे भाग आणून स्वतः जोडायचं ठरवलं. कारण रास्त होतं. खामगावच्या कामरानने त्याला आपल्या पाच जणांच्या संघात घेतलं होतं आणि जूनच्या शेवटच्या रविवारी सामना होता. बाकी चौघांकडे संगणक होते, संघर्षकडे मोबाइल होता.

"रविवारी बाराच्या आत तुहं मशीन सुरू पायजे," कामरानने फोनवर सांगितलं. "नाई तं पिंपळगाव राजाचा एक पोट्टा तयारच बसेल हाय."

चार महिने व्हिडिओ पाहून संघर्षने भागांची यादी केली होती. यादीतलं बाकी सगळं मिळत होतं. अडलं होतं ते ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग. त्या वर्षी देशभरातली कार्डं शहरातल्या लोकांनी संगणकी नाणी पाडायला नेली होती. शोधता शोधता एक शिल्लक कार्ड सापडलं, ते थेट फाट्यावरच्या जाकीरभाईंकडे.

जाकीरभाईंचं मूळचं कृषी केंद्र. गुलाबी बोंडअळीच्या वर्षानंतर गिऱ्हाईक पांगलं, तेव्हा त्यांनी अर्ध्या दुकानात संगणकाचा माल भरला. पाटीवर 'बियाणे, खते, औषधे' एवढंच होतं. त्यापुढे 'व संगणक' असं रंगवून घेतलं. माल बदलला, विकायची रीत तीच राहिली.

"जमीन कोणती?" जाकीरभाईंनी यादी हातात घेत विचारलं.

"जमीन?"

"भारी का हलकी? वाण त्याच्यावर ठरते न बाबू."

"जाकीरभाई, माजघरात ठेवायचा हाय. शहाबादी फरशी हाय तिथं."

"मंग हलकी." त्यांनी यादीवर काट मारली. "हा आठ कोअरचा प्रोसेसर तुह्या घरी नाई चालत. लय खाते. चार कोअरचा घे. ताण सहन करते. गेल्या साली निवृत्तीनं हाच लावला होता."

"निवृत्तीकाकांच्या घरी तं संगणकच नाई!"

"लावला होता म्हनलो. आला, असं म्हनलो का?"

चार महिन्यांचे व्हिडिओ या युक्तिवादापुढे टिकले नाहीत. संघर्षने चार कोअरचा घेतला.

"अन् कार्ड?"

जाकीरभाईंनी रस्त्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "हाय. पन लिंकिंग हाय."

कापूस पेरणाऱ्याला लिंकिंग समजावून सांगावं लागत नाही. इतरांच्या माहितीसाठी: जे बियाणं सगळ्यांना हवं असतं ते एकटं मिळत नाही, त्याच्यासोबत कोणालाच नको असलेला माल घ्यावा लागतो, याला लिंकिंग म्हणतात. ही पद्धत बेकायदेशीर असल्यामुळे सगळीकडे एकसारखी पाळली जाते.

"कार्डासंगं झिंकच्या दोन बॅगा अन् टॉनिकची एक बाटली."

"संगणकाले टॉनिक कायले, जाकीरभाई?"

"मले काऊन इचारतं? मले वरून लावतेत, मी खालून लावतो. काल निवृत्तीले सरकीसंगं वेबकॅम देल्ला. शब्द नाई काढला त्यानं. बुजगावण्याले बसवला म्हने. पाखरं येत नाईत आता."

संघर्षने झिंक घेतलं, टॉनिक घेतलं आणि पक्कं बिल मागितलं. जाकीरभाईंनी बिलबुक उघडून लिहिलं: 'कपाशी बियाणे. वाण: ग्राफिक्स. नग: एक.'

"हे तं सरकी झाली!"

"माह्या बुकात दुसरा रकानाच नाई. परवाना बियाण्याचा हाय. कार्ड लिहिलं तं मी आत जाईन, अन् तू टॉनिक पाजत बसशीन."

संघर्षचं सगळं आयुष्य रकाने भरण्यात गेलं होतं. रकाना नाही म्हटल्यावर त्याचा विरोध मावळला.

घरी जोडणीला वडील, भाऊराव, मदतीला बसले. चार एकर कपाशीवाला माणूस, त्यांना खोकी उघडायची सवय होती. कॅबिनेटच्या खोक्यातून एक छोटं पाकीट निघालं. ते त्यांनी न बघता खिडकीतून उकिरड्यावर भिरकावलं.

"बाबा! काय फेकलं ते?"

"बांधावर लावायचं पाकीट. दर थैलीत निंगते. कोनी लावते का बे?"

बीटी कपाशीच्या थैलीत साध्या सरकीचं एक लहान पाकीट येत असे. अळीला खायला म्हणून ते वावराच्या कडेने लावावं, असा नियम. नियम सगळ्यांना पाठ होता आणि पाकीट सगळे फेकत. या पाकिटात स्क्रू होते. उकिरड्यात ते काही सापडले नाहीत, म्हणून कार्ड सुतळीने बांधण्यात आलं.

बटण दाबलं. पंखे फिरले. तीन रंगांचे दिवे लागले. आई, बेबीताई, दारात येऊन म्हणाली, "जत्रेतल्या पाळन्यावानी दिसते न माय!" पडदा मात्र काळाच राहिला. रात्री वाळवून ठेवलेल्या तव्यासारखा.

संघर्षने कार्डाच्या कंपनीला फोन केला. त्यांनी बिलाचा फोटो मागवला आणि तासाभरात कळवलं की आमची कंपनी कपाशी विकत नाही, तरी आपल्या पिकाबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. जाकीरभाई म्हणाले, बिल बियाण्याचं आहे, तर बियाण्याच्या समितीकडे जा. तिने लिहून दिलं तर मी वरून कार्ड बदलून आणतो. यात चूक काढण्यासारखं काहीही नव्हतं.

बियाणे तक्रार निवारण समितीचा अर्ज सातबाऱ्याशिवाय स्वीकारला जात नाही. म्हणून तक्रारदार भाऊराव झाले. 'पेरणी क्षेत्र' या रकान्यात संघर्षने 'दोन फूट गुणिले दीड फूट' असं प्रामाणिकपणे लिहिलं. कचेरीने त्याचे हेक्टर केले, ते शून्य आले, आणि अर्ज दाखल झाला.

शुक्रवारी सकाळी समिती हजर! गाव थक्क झालं. निवृत्तीकाकांनी बोंडअळीच्या वर्षी केलेली तक्रार अजून चौकशीत होती. त्यांनी दारातच गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, "माह्या वावरात चार साल झाले कोनी आलं नाई, इथं कसे आले?"

"इथं चिखल नाही," ड्रायव्हर म्हणाला. त्याला चहा आधी मिळाला.

समितीत अध्यक्ष म्हणून तालुक्याचे कृषी अधिकारी, म्हणजे साहेब, होते आणि तांत्रिक सल्ल्यासाठी एक शास्त्रज्ञ. विक्रेता या नात्याने जाकीरभाईंना बोलावलं होतं. गर्दी दारात आणि खिडकीत. साहेबांनी छापील नमुना काढला.

"पेरणीपूर्वी पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाला होता का?"

"साहेब, घरात?" संघर्ष म्हणाला.

"झाला होता की नाही, एवढंच सांगा."

"नाही."

"'पुरेशी ओल नसताना पेरणी केली.' पुढे. खोली?"

शास्त्रज्ञांनी कॅबिनेटमध्ये पट्टी घातली. "अकरा सेंटिमीटर, सर."

"'खोल पेरणी.' बीजप्रक्रिया केली होती का?"

"प्रोसेसरले पेस्ट लावली होती. गरम होऊ नये म्हणून."

"कोणती?"

"पांढरी."

"'शिफारस नसलेल्या औषधाची बीजप्रक्रिया.' कडेच्या साध्या ओळी?"

"ते पाकीट म्या फेकलं साहेब," भाऊराव म्हणाले.

"'कबूल.'" साहेबांचा चेहरा प्रथमच खुलला. खरं बोलणारा शेतकरी त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

मग उगवण मोजली. शास्त्रज्ञांनी एकंदर पाच ठिकाणी लागवड धरली. चार ठिकाणी दिवा किंवा पंखा होता, पडद्यावर काही नव्हतं. उगवण ऐंशी टक्के. मर्यादा पंचाहत्तर. म्हणजे बियाणं चांगलं निघालं आणि दोष शेतकऱ्याचा निघाला. तरीही नियमाप्रमाणे नमुना प्रयोगशाळेत पाठवणं भाग होतं.

"पेरताना थोडं बियाणं शिल्लक ठेवलं होतं का?" साहेबांनी विचारलं.

"एकच कार्ड होतं साहेब."

"मूठभर तरी ठेवायला हवं होतं. दरवर्षी सांगतो आम्ही." त्यांनी सुस्कारा टाकला. "आता उभ्या पिकातून घ्यावा लागेल. नमुन्याचे तीन समान भाग होतात. एक प्रयोगशाळेला, एक विक्रेत्याला, एक तक्रारदाराला. आरी आहे का कुणाकडे?"

आरी होती. नळवाल्याची. गावात लागेल ते वेळेवर मिळतं.

एवढ्यात गर्दीतून वाट काढत संघर्षची मोठी बहीण सारिका आत आली. ती चिखलीच्या कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये नोकरीला होती. आईचा फोन आल्यावर पहिल्या एसटीने निघालेली. तिने नमस्कार केला नाही, चहा घेतला नाही, संगणकाच्या मागे वाकून पाहिलं.

"अबे संघर्ष, पडद्याची वायर कुठं खुपसली तू?"

"मागं. भोकात."

"ते मदरबोर्डचं भोक हाय बैला! वायर कार्डाच्या भोकात लावा लागते. चार महिने काय पाह्यलं तू? हट, एका मिनिटाचं काम हाय."

सारिकाचा हात वायरीवर होता. सामन्याला दोन दिवस होते. संघर्षच्या तोंडावर गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदाच तजेला दिसला.

"थांबा," साहेब म्हणाले. "पंचनामा चालू असताना उभं पीक हलवता येत नाही."

"साहेब, एक मिनिट लागते."

"तोच प्रश्न आहे ना ताई. एका मिनिटात चालू झालं तर तक्रार खोटी ठरते. खोट्या तक्रारीतला गट नंबर आमच्या यादीतून कायमचा निघतो. उद्या भाऊरावांच्या चार एकरांत अळी आली, तर आम्हाला यायचा अधिकार राहत नाही."

"तसे तं आताही कुठं येता तुम्ही?" खिडकीतून निवृत्तीकाका म्हणाले.

"येत नाही, हे वेगळं," साहेब शांतपणे म्हणाले. "अधिकार राहतो."

सारिकाने भावाकडे पाहिलं. "तू सांग. लावू का?"

संघर्षने कार्डाकडे पाहिलं. दोन्ही पंखे निवांत फिरत होते, सुतळीचं टोक त्यांच्या वाऱ्याने हलत होतं. मग त्याने वडिलांकडे पाहिलं.

"तुह्या खेळाच्या आड मी येत नाई बाबू," भाऊराव म्हणाले. "पन चार एकर हाय."

संघर्षने स्वतः मागे हात घालून बटण बंद केलं. सुतळी सोडली, कार्ड बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"कापा."

कापताना एक तांत्रिक अडचण उभी राहिली. पंखे दोन आणि भाग तीन. समान वाटणी होईना. शास्त्रज्ञांनी सुचवलं की प्रयोगशाळेला आणि विक्रेत्याला पंख्याचा भाग द्यावा, तक्रारदाराकडे तसंही वापरायला काही राहत नाही. ते मान्य झालं. तिन्ही भाग कापडी पिशव्यांत भरून लाखेने सील करण्यात आले. जाकीरभाईंनी आपली पिशवी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "साहेब, याच्यासंगं काही लिंकिंग तं नाई न?"

कामरानला संघर्षने दुपारी मेसेज केला: 'माह्या भरवशावर राहू नको.' पलीकडून अंगठा आला.

पंचनामा मोठ्याने वाचून दाखवण्यात आला, तो खरा व बरोबर असल्याचं सर्वांनी मान्य केलं. भाऊरावांची सही झाली, जाकीरभाईंची झाली, दोन पंचांच्या झाल्या. तिसरा पंच मिळाला नाही. छापील नमुन्यातल्या अटीप्रमाणे तो तक्रारदाराचा नातेवाईक नसावा, विक्रेत्याचा ग्राहक नसावा, पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर असावा, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडलेलं असावं आणि त्याने कामात कोणताही अडथळा आणलेला नसावा. गावात उरलेल्या प्रत्येकाचं भाऊरावांशी नाहीतर जाकीरभाईंशी काही ना काही निघालं. तेवढी एक जागा कोरी आहे.

तुम्ही पहिल्या ओळीपासून इथंच आहात. वायर कुठं होती ते सारिकाने सांगितलं, ते तुम्ही ऐकलंत. त्यानंतर आरी चालेपर्यंत तुमच्याकडून कोणतीही हरकत आली नाही, दोन-तीनदा हसल्याची तेवढी नोंद आहे. त्याला अडथळा म्हणत नाहीत.

सही इथे, या ओळीखाली करावी. पेन नसेल तर अंगठा चालेल.