जंगबहादूरच्या गिल्ट्या

खाजाभाई भूमचा बाजार करून घरी आले, तेव्हा त्यांचा मेव्हणा चाँदपाशा अंगणात साबण लावून हात धूत होता. हैदराबादेत जनावरांच्या डाक्तरीचं शिक्षण घेऊन तो नुकताच भूमच्या दवाखान्यात लागला होता, आणि दिसेल त्या जनावरावर आपली विद्या चालवून बघायची त्याला भारी हौस होती.

"दुल्हेभाई, तुमचा कोंबडा खस्सी केला," तो म्हणाला. "आता बघा कसा फुगतो."

ही फर्माईश खाजाभाईंच्या बायकोची, सरदारबीची होती. माहेरचे पाहुणे येणार होते आणि घरचा लाल कोंबडा पसापसा दाणे खाऊनही काटकीसारखाच होता.

चाँदपाशाला शिकवायचीही हौस होती. "कोंबड्याच्या पोटात, पाठीच्या कण्याला लागून, वालाच्या दाण्यावानी दोन गिल्ट्या असत्यात. त्यातनं एक रस रगतात उतरतो. त्या रसापायी ह्यो बांग देतो, भांडतो, कोंबड्यांमागं पळतो. खाल्लेलं समदं त्या धावपळीत जळून जातं. गिल्ट्या काढल्या की रस बंद! मग भांडण न्हाय, पळापळ न्हाय. खायाचं आन बसायचं. समदी चरबी अंगाला!"

"वा!" म्हणत खाजाभाईंनी दाराजवळचं डालगं कौतुकानं उचललं आणि लगेच परत झाकलं. डालग्याखाली जंगबहादूर होता.

जंगबहादूरही लालच, पण तो अण्णाराव देशमुखांचा झुंजीचा कोंबडा. देशमुखांनी तो खाजाभाईंकडं तालमीला ठेवला होता. गाव निजामाच्या हद्दीतलं, म्हणजे मोगलाईतलं, आणि ओढा ओलांडला की इंग्रजी मुलूख. दर उरसाला तिकडचा धोंडप्पा आपला कोंबडा घेऊन यायचा, आणि त्या झुंजीवर दोन्ही सरकारांची अब्रू ठरायची.

"आगं, ह्यो कुठला कोंबडा दिलास तू?" खाजाभाई ओरडले.

"म्या म्हणलं, दाराजवळचा लाल," सरदारबी म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "या अल्ला! ऊन आलं म्हणून म्याच दोन्ही डालगी हलवली."

"मला लाल सांगितला, म्या लाल केला," चाँदपाशानं हात झटकले.

"परत बसवता येतील का?"

"काय?"

"गिल्ट्या!"

"त्या मांजरानं खाल्ल्या."

विद्या मात्र खोटी निघाली नाही. जंगबहादूर ज्वारी खाई, भाकरीचा चुरा खाई, सरदारबीच्या ताटातही चोच घाली आणि सावलीला जाऊन बसे. त्याची मान जाड झाली, पोट जमिनीला टेकलं, तुरा सुकून चिंचेच्या टरफलासारखा झाला. बांग तर बंदच. त्याच्या जागी घरचा लाल कोंबडा उभा करावा, तर तो चिमणीला भिऊन सरदारबीच्या पदराआड जाई.

उरूस जवळ आला तसे अण्णाराव कोंबडा बघायला आले.

"लई भरलाय की रं!"

"पैलवान गडी हाय, मालक."

"आन बांग न्हाय देत?"

"देतो की," म्हणत खाजाभाई पाणी आणायला म्हणून भिंतीमागं गेले, आणि तिथून अशी खणखणीत बांग आली की वेशीवरची कुत्री भुंकायला लागली. अण्णाराव खूश झाले. तेवढ्यात जंगबहादूरच्या पंखाखालून एक पिल्लू डोकावलं. मग दुसरं. मग एकदम चार बाहेर आली.

"हे काय?"

"पट्ठे हायेत, मालक," खाजाभाई धापा टाकत परत आले. "तालमीत पोरं यायचीच."

उरसाच्या दिवशी दोन्ही मुलखांची माणसं गोल करून उभी राहिली. खाजाभाईंनी ओढ्याच्या पलीकडं पळून जायची वाट आधीच हेरून ठेवली होती; इंग्रजी राज्यात देशमुखांचा हात पोचत नव्हता. धोंडप्पानं आपला काळा कोंबडा सोडला. तो गोळीसारखा सुटला. जंगबहादूर रिंगणाच्या मधोमध सांडलेले फुटाणे टिपत होता. त्यानं मानही वर केली नाही.

काळा जवळ आला आणि गपकन थांबला. त्यानं समोरचं गोलमटोल अंग पाहिलं, सुकलेला तुरा पाहिला. मान तिरकी केली. त्याच्या घशातून एक मऊ, लाडिक आवाज निघाला. मग त्यानं एक पंख जमिनीला घासत जंगबहादूरभोवती गिरकी घेतली.

खाजाभाईंचा एक पाय ओढ्याकडं वळला होता. तो त्यांनी तिथंच रोवला.

"पंख पाडला!" ते बेंबीच्या देठापासून ओरडले. "पंख पाडला तो हारला! रीत हाय!"

"आरं, त्यो हारला न्हाय!" धोंडप्पा रिंगणात घुसला. "त्यो... त्यो लाडात आलाय!"

"लाडात येऊ दे न्हायतर रागात येऊ दे. पंख पाडला का न्हाय?"

पंचांनी वाकून पाहिलं. काळा आता दुसऱ्या बाजूनं, दुसरा पंख पाडून फिरत होता.

"दोन डाव पाडला," पंच म्हणाले. "मोगलाई जिंकली."

हलगी कडाडली. अण्णारावांनी जंगबहादूरला दोन्ही हातांनी उचललं, आणि कमरेत उसण भरल्यामुळं लगेच खाजाभाईंकडं दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, थोडं आनंदाचं, थोडं कमरेचं.

"खाजाभाई, चोच न मारता जिंकला! नुसत्या नजरंनं! असलं बी वाया जाऊ द्यायचं न्हाय. उद्यापासनं माझ्या समद्या कोंबड्या तुझ्याकडं धाडतो. पुढल्या उरसाला मला ह्याचीच पोरं पायजेत."

"हौ मालक," खाजाभाई म्हणाले आणि हळूच वळून मेव्हण्याकडं पाहिलं.

चाँदपाशा गर्दीतून वाट काढत निघाला होता. "माझी रजा संपली, दुल्हेभाई," तो मागं न बघता म्हणाला आणि भराभरा ओढ्याच्या दिशेनं चालू लागला. भूमचा दवाखाना बरोबर उलट्या बाजूला होता.